गोळी तीच, डबी वेगळी



हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर घड्याळाचे काटे एक तास मागे गेलेले असतील, पाच वाजताच अंधारून यायला लागलं असेल आणि चिवड्याचे पातळ पोहे यंदा कुठल्या दुकानात आलेत याची फोनाफोनी सुरू असेल. मागच्या खेपेला या सदरात भारतातून येणाऱ्या आईवडिलांच्या औषधांच्या पिशवीचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर बरेच फोन आले. गंमत म्हणजे पिशवीबद्दल कुणी फारसं बोललं नाही. सगळ्यांची तक्रार इथल्या आपोटेकबद्दल. दर तीन महिन्यांनी डबी बदलते. आधी निळी होती, मग हिरवी आली. गोळी आधी गोल होती, आता लांबट. काउंटरवरची मुलगी गोड हसून सांगते की औषध तेच आहे, फक्त कंपनी वेगळी.

झान्डामच्या एका मावशींनी तर मला फैलावरच घेतलं. "अरे, दूधवाला बदलला की चहाची चव बदलते. मग कंपनी बदलल्यावर गोळी तीच कशी राहते? हे लोक नुसतं म्हणतात, की खरंच कुणी तपासून बघतं?"

प्रश्न अगदी बिनतोड आहे. खरंच कुणीतरी तपासून बघतं, आणि कसं बघतं ते समजून घेण्यासारखं आहे. त्यात अॅमस्टरडॅम आहे, पुणं आहे, आणि मधे थोडं गणितही आहे.

आपल्यापैकी निम्म्या मंडळींसाठी स्लोटरडाइक म्हणजे गाडी बदलायचं ठिकाण. खालच्या फलाटावरून वर धावायचं, वरच्या फलाटावर वाऱ्यात उभं राहायचं, डबा सांभाळायचा आणि पुढची गाडी पकडायची. स्टेशनाबाहेरच्या ओर्लीप्लाइन चौकात 'स्पार्क' नावाची ऑफिसची इमारत आहे. मार्च २०१९ पासून जानेवारी २०२० पर्यंत त्या इमारतीत युरोपियन मेडिसिन्स एजन्सीचा मुक्काम होता. युरोपातल्या औषधांवर देखरेख करणारी ही संस्था १९९५ पासून लंडनला होती. ब्रेक्झिटमुळे तिला बिऱ्हाड हलवावं लागलं. नवं घर कुठे, यावर २० नोव्हेंबर २०१७ ला मतदान झालं. शेवटच्या फेरीत मिलान आणि अॅमस्टरडॅम यांना सारखी मतं पडली आणि निकाल चक्क चिठ्ठी टाकून लागला. शेकडो माणसांचे संसार, मुलांच्या शाळा, सगळं एका चिठ्ठीवर! झाउदासमधली कायमची इमारत तयार होईपर्यंत ही मंडळी स्लोटरडाइकला राहिली. त्या काळात सकाळच्या गाडीत तुमच्या शेजारी उभा असलेला माणूस युरोपभरच्या गोळ्यांचा हिशेब बघणारा असण्याची बरीच शक्यता होती.

आपल्या कोपऱ्यावरच्या आपोटेकमधली प्रत्येक डबी या संस्थेकडून येते असं नाही. पुष्कळशा साध्या गोळ्यांना परवानगी देतं ते उट्रेक्टचं डच औषध मंडळ. नियम मात्र सगळ्या युरोपात सारखे. आणि डबी वरचेवर बदलण्यामागे विमा कंपन्या आहेत. एकाच औषधाच्या दहा कंपन्या असतील तर त्यातली आम्ही अमुक एकीचीच भरपाई देऊ, असं त्या ठरवतात. पुढच्या वर्षी दुसरी कंपनी स्वस्त पडली की डबी बदलते. पैशाचा कारभार आहे, त्यात लपवाछपवी काही नाही.

आता तपासणी. मूळ कंपनीच्या गोळीचं पेटंट संपलं की दुसरी कंपनी तेच औषध बनवू शकते. तिला रुग्णांवर वर्षानुवर्षं चाललेले प्रयोग पुन्हा करावे लागत नाहीत. तिला एवढंच दाखवायचं असतं की आमची गोळी घेतल्यावर रक्तात औषध तितकंच आणि तितक्याच वेगानं उतरतं. त्यासाठी निरोगी स्वयंसेवक घेतात. नियमाप्रमाणे निदान बारा, प्रत्यक्षात बहुधा जास्त. रात्रभर उपाशी ठेवून सकाळी गोळी देतात आणि ठरलेल्या वेळांना रक्त काढत राहतात. दर वेळचं प्रमाण कागदावर मांडलं की डोंगरासारखी रेघ मिळते. डोंगराचं शिखर किती उंच आणि डोंगराखाली एकूण जागा किती, हे दोन आकडे महत्त्वाचे.

पण तुलना कशी करायची? दहा माणसांना जुनी गोळी आणि दुसऱ्या दहांना नवी, असं केलं तर पंचाईत होते. माणसामाणसांत फरक फार. एकाच पंगतीत तोच साखरभात वाढला तरी कुणाला चार घासांत पुरे होतं आणि कुणी तिसऱ्यांदा पान पुढे करतो. गोळीतला लहानसा फरक त्या गोंधळात दिसणारच नाही. म्हणून एकाच माणसाला दोन्ही गोळ्या द्यायच्या, आज एक आणि काही दिवसांनी दुसरी. प्रत्येकाची तुलना स्वतःशीच. निम्म्यांना आधी जुनी मग नवी, निम्म्यांना आधी नवी मग जुनी. कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठ्या टाकून. याला क्रॉसओव्हर ट्रायल म्हणतात. आपण अदलाबदलीची चाचणी म्हणू.

क्रम उलटा का करायचा? पहिल्या दिवशी माणूस बिचकलेला असतो, सुईला घाबरलेला असतो, दुसऱ्या खेपेला सरावतो. सगळ्यांना आधी जुनी आणि मग नवी दिली तर फरक गोळीमुळे पडला की सरावामुळे, हे कळायला मार्ग नाही. निम्म्यांचा क्रम उलटला की सरावाचा हिशेब दोन्ही बाजूंना सारखा पडतो आणि वजा होऊन जातो.

स्वतःशी तुलना केल्यानं किती फरक पडतो, याचं एक जुनं उदाहरण सांगतो. अमेरिकेत मिशिगनमधल्या कॅलामाझूच्या मनोरुग्णालयात झोपेची औषधं तपासली होती. ते आकडे १९०५ मध्ये छापून आले. पुढे १९०८ साली डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यातला विल्यम गॉसेट नावाचा माणूस 'स्टुडंट' या टोपणनावानं एक लेख लिहीत होता, त्यात त्यानं हेच आकडे घेतले. आज जगभर कॉलेजात शिकवतात ती 'टी-टेस्ट' म्हणजे हाच लेख. (बिअरच्या कारखान्यातून निघालेली सगळ्यात शुद्धीवरची गोष्ट!) दहा रुग्ण होते. एका औषधानं सरासरी पाऊण तास जास्त झोप लागली, दुसऱ्यानं दोन तास वीस मिनिटं. फरक एक तास पस्तीस मिनिटांचा. हे वीस वेगवेगळे रुग्ण आहेत असं समजून हिशेब केला तर टी येतो १.८६. म्हणजे नुसत्या योगायोगानंही इतका फरक शंभरात आठ वेळा दिसेल. तज्ज्ञ म्हणतील, पुरेसं नाही. पण हे तेच दहा रुग्ण आहेत हे लक्षात घेऊन प्रत्येकाचा फरक त्याच्या स्वतःशी काढला, तर टी होतो ४.०६ आणि योगायोगाची शक्यता हजारात तीन. आकडे तेच, माणसं तीच, बेरीज-वजाबाकीही तीच. एका रुग्णाला दोन्ही औषधांत काही फरक पडला नाही, एकाला ४.६ तासांचा पडला, तरी दहांपैकी एकही उलटा गेला नाही. वेगळ्या माणसांचा हिशेब केला असता तर ही गोष्ट नजरेला आलीच नसती.

माणसाची तुलना त्याच्या स्वतःशी, हा विषय निघाला की मला पां. वा. सुखात्मे आठवतात. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा हा माणूस १९३६ ला लंडनहून पीएच.डी. झाला आणि पुढे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत जवळजवळ वीस वर्षं आकडेवारीचा प्रमुख होता. निवृत्तीनंतर पुण्यात येऊन त्यांनी मांडलं की अन्नाची गरज माणसामाणसांत वेगळी असते तशी एकाच माणसात आठवड्या-आठवड्यालाही खालीवर होते, शरीर आपलं आपण सांभाळून घेतं. तेव्हा सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी आहे असं धरू नका. यावर गोखले इन्स्टिट्यूटचे वि. म. दांडेकर चांगलेच तापले. अशानं देशातली भूक कागदावर कमी होईल, खेड्यात नाही, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हा वाद चांगलाच रंगला. दोन सातारकर, दोघंही पुण्यात स्थायिक, आणि भांडण कशावरून, तर माणसाच्या स्वतःतल्या फरकावरून! माझं मत विचाराल तर गणितात सुखात्म्यांचा मुद्दा खरा होता आणि धोरणाच्या बाबतीत दांडेकरांची भीती खरी होती.

असो. मूळ मुद्द्याकडे.

अदलाबदलीच्या चाचणीत एक मोठा खड्डा आहे. जिलेबी खाऊन लगेच चहा घेतलात तर चहा अगोड लागतो. साखर बरोबर असते, दोष जिलेबीचा असतो. तसंच पहिल्या गोळीचा अंश शरीरात उरलेला असताना दुसरी दिली तर दुसरीचा हिशेब बिघडतो. याला कॅरीओव्हर म्हणतात. उपाय म्हणजे मधे पुरेसे दिवस जाऊ द्यायचे. औषध रक्तातून निम्मं व्हायला जितका वेळ लागतो त्याच्या निदान पाचपट थांबा, असा दंडक आहे. शंभराचे पन्नास, पंचवीस, साडेबारा, सव्वासहा आणि शेवटी तीन टक्के उरतात. डोकेदुखीच्या गोळीला एक दिवस पुरतो. थायरॉइडच्या लेव्होथायरॉक्सिनला निम्मं व्हायलाच आठवडा लागतो, म्हणजे मधे पस्तीस दिवस.

आता दोन परिच्छेद आकडेशास्त्राचे. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी ते गाळून थेट पुण्याला यावं, आम्ही तिथे भेटू.

मधे थांबूनही अंश उरलाच नसेल कशावरून? १९६५ मध्ये ग्रिझल नावाच्या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञानं एक युक्ती सुचवली. आधी कॅरीओव्हर आहे का याची चाचणी करा. नाही म्हणाली तर दोन्ही खेपांचे आकडे वापरा. आहे म्हणाली तर दुसरी खेप टाकून द्या आणि फक्त पहिल्या खेपेवर निकाल द्या. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! जवळजवळ पंचवीस वर्षं लोकांनी ही रीत डोळे मिटून वापरली. १९८९ मध्ये फ्रीमन यांनी दाखवून दिलं की ही रीत फसवी आहे. खोटी हाकाटी शंभरात पाचच वेळा होईल असं म्हणायचं आणि प्रत्यक्षात ती सातापेक्षाही जास्त वेळा व्हायची.

असं का व्हावं? कॅरीओव्हरची चाचणी प्रत्येक माणसाच्या दोन्ही खेपांची बेरीज घेते आणि एका गटाची दुसऱ्या गटाशी तुलना करते. म्हणजे पुन्हा वेगवेगळ्या माणसांची तुलना आली, जी टाळायला आपण एवढा खटाटोप केला होता. समजा चिठ्ठ्या टाकताना योगायोगानं एका गटात अंगानंच जास्त औषध शोषणारी माणसं गेली. बेरीज वेगळी येणार. चाचणी ओरडणार की कॅरीओव्हर आहे. मग तुम्ही दुसरी खेप टाकून पहिल्या खेपेकडे वळणार. पण पहिल्या खेपेत तेच वाकडे गट समोरासमोर आहेत! ज्या दिवशी तराजूचा काटा वाकडा, नेमकं त्याच दिवशी सोनं तोलायला बसलात. म्हणून आताच्या युरोपियन नियमांत स्पष्ट लिहिलंय की कॅरीओव्हरची असली चाचणी करून तिच्यावर कुठलाही निर्णय घेऊ नका. त्यापेक्षा दुसरी गोळी देण्याआधी रक्त काढा आणि सरळ बघा. त्या खेपेच्या शिखराच्या पाच टक्क्यांहून जास्त औषध आधीच रक्तात सापडलं, तर त्या माणसाचे त्या खेपेचे आकडे बाद. गणितानं ओळखण्यापेक्षा बरणीचं झाकण उघडून बघावं, हा आपल्या आज्यांचाही नियम होता.

पुण्याला पोचण्याआधी आणखी एकच स्टेशन. दोन गोळ्यांत 'फरक सापडला नाही' आणि 'दोन्ही सारख्या आहेत' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. प्रयोग जितका ढिसाळ, माणसं जितकी कमी, तितका फरक सापडण्याची शक्यता कमी. मग आळशी कंपनीचंच फावेल. म्हणून इथे ओझं उलटं ठेवलंय. नव्या गोळीवर दोन आरोप ठेवायचे. पहिला, ही जुनीच्या ८० टक्क्यांहून कमी उतरते. दुसरा, ही १२५ टक्क्यांहून जास्त उतरते. दोन्ही आरोप कंपनीनं खोडून काढायचे. ही रीत शुइरमन यांनी १९८७ मध्ये नीट मांडली. ८० ला १२५ का आणि १२० का नाही? तर गुणोत्तराचा हिशेब आहे. १०० ला ८० तसे १२५ ला १००.

इथे एक गैरसमज घरोघरी ऐकू येतो, की जेनेरिक गोळीत वीस टक्के औषध कमी चालतं. तसं नाही. समजा नवी गोळी सरासरी ९७ टक्के उतरली आणि हिशेबातल्या अनिश्चिततेसकट पट्टा ९१ ते १०४ असा आला, तर ती पास. तीच सरासरी ९७, पण पट्टा ७८ ते १२० आला, तर नापास. सगळा पट्टा कुंपणाच्या आत लागतो, नुसती सरासरी आत असून भागत नाही. अमेरिकेच्या एफडीएनं बारा वर्षांतल्या २०७० अशा चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. मूळ आणि जेनेरिक यांत रक्तात उतरलेल्या एकूण औषधाचा फरक सरासरी साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. थायरॉइडसारख्या नाजूक औषधांना युरोपात कुंपण आणखी अरुंद आहे, ९० ते १११.

हे सगळं ज्या आकड्यांवर उभं आहे, ते आकडे खरे असतील तर!

आणि इथे पुणं येतं. युरोपात विकल्या जाणाऱ्या कितीतरी जेनेरिक गोळ्यांच्या अदलाबदलीच्या चाचण्या भारतात होतात. हैदराबाद, बंगळूर, अहमदाबाद, पुणे. स्वयंसेवक तिथले, सुया तिथल्या, आकडे तिथले, आणि डबी आपल्या आपोटेकमध्ये. २०१४ मध्ये फ्रेंच निरीक्षक हैदराबादच्या जीव्हीके बायोसायन्सेसमध्ये गेले. तिथे स्वयंसेवकांच्या ईसीजीत फेरफार झाल्याचं त्यांना आढळलं, आणि तेही निदान पाच वर्षं. जानेवारी २०१५ मध्ये युरोपियन एजन्सीनं सुमारे ७०० औषध-प्रकार स्थगित करा अशी शिफारस केली. २०१६ मध्ये बंगळूरच्या सेमलरचं प्रकरण झालं. तिथे एफडीएच्या म्हणण्याप्रमाणे रक्ताचे नमुनेच बदलले होते. आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सिनॅप्स लॅब्जची पाळी आली. स्पॅनिश औषध खात्याच्या पाहणीत तिथल्या कॉम्प्युटरवरच्या नोंदी आणि डेटाची हाताळणी यांत गंभीर त्रुटी निघाल्या. ४०० हून अधिक औषधांचा आढावा घेऊन एजन्सीनं म्हटलं की ज्यांच्यापाशी दुसरा पुरावा आहे त्यांनी दाखवावा, बाकीच्यांचे परवाने स्थगित करावेत. काही कंपन्यांनी फेरतपासणी मागितली. मार्च २०२४ मध्ये शिफारस कायम राहिली. ज्या देशात एखाद्या औषधाला दुसरा पर्यायच नव्हता तिथे मुदत देण्याची सोय ठेवली.

बातमी आली तेव्हा आमच्या ऑफिसातल्या एका डच सहकाऱ्यानं कॉफीच्या मशीनपाशी डोळे मिचकावून विचारलं, "काय, तुमच्या गावचं ना?" मी पुण्याचा नाही, साताऱ्याकडचा आहे, पण हा भेद त्याला कुठे समजावत बसू? त्याला एवढंच म्हटलं की २००१ साली मुंबईच्या सिप्लानं एड्सची तिहेरी औषधं वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली, त्याआधी त्यांची किंमत हजारोंच्या घरात होती. ती औषधं सारखी आहेत हे दाखवायची रीतही हीच. म्हणून तर ज्यांनी या रीतीत खोट केली त्यांच्याबद्दल मला जास्त चीड येते. टी-टेस्टला खोटे आकडे ओळखता येत नाहीत. ती बिचारी दिलेल्या आकड्यांवर इमानेइतबारे उत्तर देते.

आणि आपण पकडले जातो ते निरीक्षक येतात म्हणून, हेही लक्षात ठेवा. जिथे कुणी जाऊन बघत नाही तिथली प्रकरणं बाहेर येत नाहीत.

आता वहिनी, मावशी, काका, सगळ्यांसाठी कामाचं. रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची डबी बदलली तर बहुतेकांना काही फरक पडत नाही. थायरॉइडचं मात्र वेगळं. २०१६ मध्ये या देशात थायरॅक्सचा पुरवठा अडला. उत्पादन दुसऱ्या कारखान्यात हलवताना घोळ झाला आणि लाखो रुग्णांना एका झटक्यात दुसऱ्या कंपनीच्या गोळीवर जावं लागलं. नंतरच्या डच अभ्यासात दिसलं की १०० मायक्रोग्रॅम किंवा जास्त डोस घेणाऱ्यांपैकी ज्यांची कंपनी बदलली, त्यांचा टीएसएच न बदललेल्यांपेक्षा बराच जास्त वेळा मर्यादेबाहेर गेला. डोस कागदावर तोच होता. कारण असं की चाचणी सरासरीची असते, आणि तुम्ही सरासरी नसता. शिवाय 'ब' कंपनीची गोळी 'अ'शी ताडलेली, 'क'ची पण 'अ'शीच ताडलेली. 'ब' आणि 'क' एकमेकींना कधी भेटलेल्याच नसतात. तेव्हा थायरॉइडची कंपनी बदलली तर हाउसआर्त्सना सांगा आणि साधारण सहा आठवड्यांनी रक्त तपासून घ्या. आधी तपासून उपयोग नाही, शरीराला तेवढा वेळ लागतो. भारतातून आणलेली आणि इथली गोळी आलटून पालटून घेत असाल तर तेही सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि डबीवरचं कंपनीचं नाव वहीत लिहून ठेवा, म्हणजे पुढे फरक जाणवला तर तारीख सापडेल. कुठलीही गोळी आपल्या मनानं बंद करू नका, अगदी हा लेख वाचूनसुद्धा.

जाता जाता गोळीच्या रंगाबद्दल. बऱ्याच पांढऱ्या गोळ्यांवरचा तो शुभ्र मुलामा टिटॅनियम डायऑक्साइडचा असतो. खाण्याच्या पदार्थांत युरोपनं २०२२ मध्ये त्यावर बंदी घातली, औषधांत मात्र राहू दिला. या पांढऱ्या पावडरीचा दुसरा अवतार मोठा मजेदार आहे. तिचे अतिसूक्ष्म कण उन्हातल्या अतिनील किरणांत ठेवले की त्यांच्या पृष्ठभागावर पाणी आणि हवेतल्या ऑक्सिजनपासून अतिशय खवळलेले रेणू तयार होतात आणि ते आजूबाजूची घाण जाळत सुटतात. पावडर स्वतः खर्च होत नाही. जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांचा यावरचा गाजलेला लेख १९७२ चा. कण जितके बारीक तितका पृष्ठभाग जास्त, म्हणून नॅनो-नॅनो असा गजर असतो.

मग आइंडहोवनच्या तांत्रिक विद्यापीठानं हेंगेलोच्या कास्टरवेख नावाच्या रस्त्यावर या पावडरीच्या फरश्या घातल्या. गाड्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड फरशीवर नायट्रेट होणार आणि पावसाबरोबर वाहून जाणार, अशी कल्पना. आता सांगा, इथे अदलाबदलीची चाचणी करता येईल का? आधी साध्या फरश्या, मग पावडरीच्या, आणि दुसऱ्या रस्त्यावर उलटं? जमणार नाही. पावडर एकदा बसली की पस्तीस दिवस थांबून निघून जात नाही. कॅरीओव्हर कायमचा. रस्ते उकरून पुन्हा घालायचे म्हटलं तर नगरपालिका दारात उभं करणार नाही. म्हणून त्यांनी साध्या फरश्यांचा एक रस्ता तुलनेला घेतला आणि दोन्हीकडे रहदारी, वारा, ओलावा, ऊन सगळं मोजत राहिले. वर्षभराहून अधिक काळात मिळून २६ दिवसांची मोजणी झाली. २०१३ मध्ये निकाल छापून आला. दिवसभराची सरासरी घेतली तर पावडरीच्या रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड १९ टक्के कमी, फक्त दुपारचं बघितलं तर २८ टक्के, आणि लख्ख ऊन व कोरडी हवा असेल तर ४५.

वर्तमानपत्रांना त्यातला ४५ आवडणार हे उघड आहे. मला १९ जास्त विश्वासाचा वाटतो, आणि तोही एका गावातला, दोन रस्त्यांमधला. दोन रस्ते म्हणजे दोन वेगळी माणसंच की! रिकस्वाटरस्टाटनं हायवेच्या कडेच्या भिंतींवर हीच पावडर लावून बघितली होती, तिथे उपयोग झाल्याचं दिसलं नाही. शिवाय लख्ख ऊन आणि कोरडी हवा या देशात वर्षातून किती दिवस मिळते, हे तुम्हांला मी सांगायला नको. स्लोटरडाइकच्या शेजारून ए-टेनचा रिंगरोड जातो. तिथे अशा फरश्या घातल्या तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्यांना पगारी रजाच द्यावी लागेल.

हेंगेलोच्या बाजूला आपल्यापैकी कुणी राहत असेल तर कास्टरवेखवरून एकदा सायकलची चक्कर मारा आणि त्या फरश्या आता कशा दिसतात ते संपादकांकडे कळवा. जमल्यास फोटोही पाठवा, शक्यतो उन्हातला.